एका बटणाचा अबोला

घड्याळजी रविवारी सकाळी रेडिओपुढे बसले, तेव्हा त्यांच्या मानगुटीवर बायकोचं माहेर बसलेलं होतं.

मेहुणाही त्यांच्यासारखाच घरच्या यंत्रावरून जगाशी बोलणारा हौशी रेडिओवाला. दोघांचं गूळपीठ, पण मागे क्लबात रेडिओवरून टाइप करून बोलण्याचा विषय निघाला आणि माशी शिंकली. "रेडिओच्या या पट्ट्यात तोंडी बोलताना आपण खालचा साइडबँड लावतो, मग टायपिंगलाही खालचाच," घड्याळजी म्हणाले.

"भावोजी, टायपिंगला सगळीकडे वरचाच असतो. सगळं जग तसंच करतं," मेहुणा चारचौघांत म्हणाला.

"जगाची घड्याळंही माझ्याकडेच येतात दुरुस्तीला!"

झालं. अबोला सुरू. साइडबँड म्हणजे लहरीची वरची किंवा खालची बाजू; दोन्हीकडे ती निवडायचं बटण सारखंच असलं तरच इकडे टाइप केलेलं शिट्टी होऊन जातं आणि तिकडच्या पडद्यावर अक्षरं होऊन उमटतं. नाहीतर सदरा उलटा घातल्यासारखं, सगळं जागच्या जागी, पण खिसा सापडत नाही.

"तुमच्या एका बटणापायी माझं माहेर तुटलंय," बायको म्हणाली आणि तिनंच मध्यस्थी केली. फोन नको तर रेडिओवर तरी बोला. वेळ ठरली, रेडिओवरची जागा ठरली. बटणाचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही.

घड्याळजींनी खालचा साइडबँड लावून हाक टाइप केली. पडदा कोरा.

खरखर नको म्हणून फ्रीजचा प्लग त्यांनी शनिवारीच काढून ठेवला होता. आता दारावरच्या घंटीची वायर सोडवली. तरी कोरा. मग गच्चीवर जाऊन एरियलची तार उंच करायला कपड्यांच्या दोरीचा बांबू खडाखडा उपसला, तेव्हा ओली चादर थेट खालच्या दंतवैद्यांच्या डोक्यावर गेली. दंतवैद्य चादरीसकट वर आले. घंटी वाजेना, म्हणून त्यांनी दारच बडवलं.

"अहो, दात काढतो मी, पण इतका आवाज नाही करत!"

"माफ करा. मेहुणा उत्तर देत नाहीये."

"मी तरी कुठं दिलं असतं?"

बायकोनं चादर घेतली. "अहो, सगळं घर उचकटलंत. ते बटण तेवढं राहिलं."

ती चहाचं बघायला आत गेली, तसं इकडेतिकडे पाहून, देवाचं नाव घेऊन घड्याळजींनी बटण वर केलं. हाक टाइप केली. पडदा कोराच.

त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. मी वाकलो, तरी याचा राग जात नाही?

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. तिनं बाहेर येऊन स्पीकर लावला. "ताई," मेहुण्याचा आवाज अगदी रडवेला, "भावोजींना सांग, त्यांच्या मनासारखं व्हावं म्हणून मी शेवटी आत्ता मुद्दाम खालचा लावला. तरी गप्पच! एवढा राग?"

घड्याळजींनी रेडिओकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"अरे गाढवा, मी वरचा लावून बसलोय! तुझंच बरोबर होतं."

"छे छे, भावोजी! तुमचंच बरोबर."

"तुझं म्हणतोय ना!"

"मोठे तुम्ही, मग माझं कसं असेल?"

"हे बघ, चारचौघांत सांगीन, तुझंच!"

दोघांचेही आवाज चढले. दंतवैद्य खुर्ची ओढून बसले.

बायकोनं फोन हातात घेतला. "आता कुणीही बटणाला हात लावायचा नाही. तू सरळ इकडे ये. आणि येताना दूध आण, इथलं नासलंय."