एकच आणलंय

झाडांच्या प्रदर्शनाला निघण्याआधी बाबा न चुकता दाढी करत. एरवी रविवारी ते दाढीला सुट्टी देत. पण वर्षातून दोनदा, प्रदर्शनाच्या सकाळी, आपलाच सत्कार असल्यासारखे ते गुळगुळीत होऊन आरशासमोरून हलत.

"येतेस का?" कापडी पिशव्यांच्या घड्या खिशात कोंबत त्यांनी लेकीला विचारलं.

"नको, वाचायचंय. आणि बाबा, एकच आणा."

"एकच."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"मागच्या वेळी एकच आणलं. बाकीची अकरा सोबत आली."

बाबांनी उभं आयुष्य अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढण्यात घालवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर ते झाडं घरात घालायला लागले होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. त्या गॅलरीत आता कपडे वाळत घालायचे तर माणसाला आडवं होऊन, श्वास रोखून शिरावं लागे. लेक ग्रंथालयात नोकरीला. वीस वर्षं हजारो पुस्तकांना जागेवर बसवणारी बाई ती; वस्तू घरात येण्याआधी तिची जागा ठरलेली असावी, एवढं साधं तिचं म्हणणं. त्यामुळे बाबा नवं झाड तिच्यासमोर धरून "कसं आहे?" म्हणाले, की ती विचारी, "ठेवायचं कुठे?" चौदा वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. झाडं तिला आवडत नव्हती असं नाही. पण एकदा 'छान आहे' म्हटलं की दुसऱ्या दिवशी दहा येतील, या धास्तीने तिने तो शब्द कधी दाताबाहेर पडू दिला नाही.

त्या रविवारी बाबा दुपारी परतले आणि त्यांच्या हातात खरोखरच एक कुंडी होती. लेकीने दाराबाहेर डोकावून पाहिलं. जिना रिकामा होता.

"एकच आणलंय," बाबा म्हणाले. "कसं आहे?"

कुंडीत माती होती आणि मातीत बोटाएवढी जाड, सरळसोट, बोडकी काडी.

"ही काडी आहे."

"आत्ता काडी आहे. दम धर जरा."

"ठेवायचं कुठे?"

"तुझ्या डोळ्यांसमोर," बाबा म्हणाले आणि त्यांनी कुंडी तिच्या वाचायच्या खुर्चीसमोर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. मग काकडी चिरताना ते बराच वेळ शीळ घालत होते. एका काडीच्या मानाने हा आनंद जरा जास्तच होता. पुस्तकातलं हे प्रकरण संपलं की विचारू, असं तिने ठरवलं. प्रकरण लांबलचक निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावाच्या दुकानात रांगेत उभे असताना बाबा गेले. रांगेत पुढचा नंबर त्यांचाच होता.

मग आत्या आली. बाबांची थोरली बहीण, निवृत्त हेड नर्स. दोन बॅगा घेऊन आली आणि "तुझं जरा बस्तान बसेपर्यंत" म्हणून राहिली. तिने पहिल्याच दिवशी गॅलरी तपासली. "हा जनरल वॉर्ड झालाय," ती म्हणाली. "पेशंट जास्त, खाटा कमी. यातल्या निम्म्यांना डिस्चार्ज द्यायला हवा."

 लेकीने काडीला अर्धा पेला पाणी घातलं.

तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या ताई दारात आल्या. दोन्ही काखांत दोन कुंड्या आणि चेहऱ्यावर अपराधी भाव.

"काकांनी ठेवली होती माझ्याकडे. दोन दिवसांसाठी. प्रदर्शनातून येताना."

"पण त्यांनी तर एकच आणलं होतं."

ताईंनी कुंड्या खाली ठेवल्या आणि कपाळावरचा घाम पुसला. "अगं, थोडीच वर यायची. बाकीची आमच्याकडे. मजल्यामजल्यावर वाटून टाकायचे ते. मग सोमवारी एक, बुधवारी एक असं हळूहळू वर न्यायचे. म्हणायचे, लेकीच्या डोळ्यांना एकदम त्रास नको."

"आणि मला कळायचं नाही?"

"पुस्तकातून मान वर काढली तर कळेल ना, असं काका म्हणायचे. मी नाही हं म्हणत!"

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचा डेंटिस्ट तीन कुंड्या घेऊन आला. त्यातली एक त्याच्याकडे सहा वर्षं होती. "तीही दोन दिवसांसाठीच," तो म्हणाला. "पेशंट तोंड उघडं ठेवून तिच्याकडेच बघत बसतात हो. पण तुमची वस्तू ती तुमची." जाताना त्याने त्या झाडाच्या पानावरून असा हात फिरवला, की लेकीला अवघडल्यासारखं झालं.

त्या रात्री तिला एकच विचार टोचत राहिला. ज्या झाडांना बाबांच्या हयातीत तिने एक बरा शब्द दिला नाही, ती त्यांच्यामागे कुणाच्या जिन्याखाली, कुणाच्या मोरीत वाळून जाणार? ते काही व्हायचं नाही. निदान एवढं तरी आपण नीट करायचं. आणि नीट करायचं म्हणजे काय, हे तिला एकाच पद्धतीने ठाऊक होतं. सकाळी जिन्यात सूचना लागली:

'माझ्या वडिलांनी ज्यांच्याकडे झाडे ठेवली असतील, त्यांनी ती कृपया परत आणून द्यावीत. कितीही उशीर झाला असला तरी कारण विचारले जाणार नाही. चौथा मजला.'

खरं तर तिला हा धडा आधीच मिळालेला होता. ग्रंथालयाने एकदा अशीच माफी जाहीर केली, तेव्हा लोकांनी तीस-तीस वर्षं दडवलेली पुस्तकं आणून दिली होतीच. शिवाय दुसऱ्या ग्रंथालयांची, शेजाऱ्यांची आणि घरात नको झालेलीही आणून ओतली होती. पण दुःखात माणूस आपला अनुभव विसरतो.

दोन दिवसांत त्या रविवारची झाडं घरी आली, मोजली तर सतरा. तिसऱ्या दिवशी मागच्या वर्षांची यायला लागली. मग शेजारच्या इमारतीतून आली. पाववाल्याने दोन पाठवली, लिफ्टच्या कंपनीतून हातगाडीवर सहा आली. आठवड्याभरात तर बाबांना कधी न पाहिलेले लोकही दम लागलेले, हातात मरतुकडी कुंडी घेऊन दारात उभे राहू लागले. "हे काकांचंच का?" असं विचारलं की ते म्हणत, "नाही, पण त्यांना आवडलं असतं." कारण विचारणार नाही असं लिहून दिलेलं, विचारणार कसं? आठवडा संपला तेव्हा झाडं त्रेसष्ट झाली होती, खिडकीतली काडी सोडून.

"अंघोळीला जायचं तर आधी त्या फर्नला बाहेर काढावं लागतं," आत्या म्हणाली.

"राहू दे की आत. त्याला ओलावा लागतो."

"ते बघतं गं माझ्याकडे!"

लेकीने प्रत्येक झाडाचं कार्ड बनवलं: नाव, कुणाकडून आलं, तारीख, पाणी किती. काडीच्या कार्डावर तिने लिहिलं, 'नाव माहीत नाही. बाबांनी स्वतः आणलेले.' मंगळवारी आणि शुक्रवारी ती काडीला अर्धा पेला पाणी घाली आणि उन्हाच्या बाजूने कुंडी थोडी फिरवी.

"अगं, ते गेलंय," आत्या म्हणे. "चाळीस वर्षं बघत आलेय मी. गेलेला चेहरा मला कळतो."

"बाबा म्हणाले, दम धर."

यावर आत्या पुढच्या कुंडीकडे वळे. पण तिलाही या वॉर्डाचा लळा लागला होता. राऊंड घेतल्याशिवाय ती चहा पीत नसे. सगळ्यात टवटवीत पेशंट तिच्या खास देखरेखीखाली होता. त्याचं एक पान म्हणून गळालं नव्हतं. तीन आठवडे पाणी घातल्यावर एकदा तिने त्याची पानं पुसायला घेतली, तेव्हा कळलं, की ते प्लास्टिकचं होतं. लेक हसली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच, पोट धरून हसली.

"हस, हस," आत्या म्हणाली. "माझ्याला पानं तरी आहेत."

सहा महिने गेले आणि प्रदर्शनाचा रविवार उजाडला. आत्याने फर्मान काढलं: सगळी झाडं तिथे न्यायची, एका टेबलावर मांडायची, हवं त्याने न्यावं. सरसकट डिस्चार्ज. लेकीलाही ते पटलं. चांगल्या घरी गेली तर बाबांचं काम पूर्ण झालं, असंच म्हणायचं. डेंटिस्टच्या गाडीने तीन फेऱ्या मारल्या. काडीची कुंडी मात्र लेकीने मांडीवर घेतली. ती द्यायची नव्हती. जाणत्या माणसाला दाखवायची होती.

टेबलाभोवती गर्दी जमली, पण झाडं काही हलेनात. त्याचं कारण टेबलामागे उभं होतं.

"तुमची खिडकी कुठल्या दिशेला?" लेक विचारी. "गावाला गेलात तर पाणी कोण घालणार? मांजर आहे का?"

"अहो, मी झाड नेतोय का मूल दत्तक घेतोय?" एक गृहस्थ वैतागून म्हणाले.

"मांजर आहे म्हणजे," लेक म्हणाली आणि तिने कुंडी मागे ओढली.

दुपारपर्यंत चार झाडं गेली. मग टेबल आत्यावर सोपवून ती काडी घेऊन निघाली. ती पहिल्यांदाच या मांडवात आली होती. ओल्या मातीचा वास, पाटीवर पाटी रचलेली इवली रोपं, मखमली पानं, काटेरी पानं, कुणीतरी रंगाचा ब्रश झटकावा तशी ठिपक्याठिपक्यांची पानं. ती एकाला हात लावी, दुसऱ्यापाशी वाके. एक रोप तिने नुसतं उचलून पाहिलं आणि मग खाली ठेवायचं राहूनच गेलं. सोबतीला दुसरं घेतलं. कडेच्या दुकानापर्यंत पोचली तेव्हा पिशवीत पाच झाली होती, आणि कशासाठी निघालो होतो हे ती जवळजवळ विसरली होती.

कडेच्या दुकानातला म्हातारा रोपवाला कानावरची पेन्सिल काढून कुंडी न्याहाळू लागला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही लिफ्टवाल्या साहेबांची लेक ना?"

"हो. ही काडी त्यांनीच आणली होती, मागच्या प्रदर्शनातून. हिला पालवीच फुटत नाही."

त्याने काडी सरळ उपटली, मातीतलं टोक पँटला पुसलं आणि तिच्यासमोर धरलं. "बाई, हा बांबू आहे."

"कुठल्या जातीचा?"

"वाळलेल्या. वेलाला आधार म्हणून लावतो आम्ही."

लेकीने काडीचं ओलं टोक न्याहाळलं. "मी पाणी घालत होते."

"किती दिवस?"

"सहा महिने."

"तरीच अजून ताठ आहे," म्हातारा गंभीरपणे म्हणाला. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं. "साहेबांची आयडिया होती ती. सतरा रोपं घेतली त्या दिवशी. म्हणाले, घरात एकच न्यायची परवानगी आहे, मला माती भरून एक कुंडी दे आणि वर ही काडी खोच. म्हणजे कुंडी एक झाली. मग खालून एकेक रोप नेऊन त्यात दाखवायचं. कुंडी तीच, खिडकी तीच, रोज रोप नवं."

"पण सतरा कशाला? चौदा वर्षं इतकी झाडं कशाला आणायची?"

"मीही विचारायचो. म्हणायचे, लेकीला नेमकं कुठलं आवडतं ते कळत नाही. बोलतच नाही काही. म्हणून एकेक दाखवून बघतो. एखादं लागेल कधीतरी."

लेक स्टुलावर बसली. एका हातात बांबू, दुसऱ्या हातात पिशवी. तोंड बंद ठेवून आपण झाडं थोपवतोय, अशा समजुतीत तिने चौदा वर्षं काढली होती. पहिल्याच वर्षी एक शब्द टाकला असता, तर घरात एकच झाड असतं. आणि बाबांचे रविवार? ते मात्र असे गुळगुळीत झाले नसते. तिने डोळे पुसले, आणि मग तिला हसू आलं. म्हाताऱ्याने काडी पुन्हा कुंडीत खोचून माती दाबून दिली.

परतली तर टेबलापाशी आत्या नव्हती. दोन ओळी पलीकडे ती कुणाचीतरी ढकलगाडी ढकलत येताना दिसली. गाल लाल, केस विस्कटलेले, वय वीस वर्षांनी उतरलेलं.

"एकच घेतलंय," आत्या लांबूनच ओरडली.

"आणि ही?"

"ही आठ सोबत आलीत."

सकाळी निघताना झाडं त्रेसष्ट होती. परतताना त्र्याहत्तर झाली.

इमारतीत शिरताना डेंटिस्टने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि खाकरला. "ते... सहा वर्षांचं. पेशंट फार विचारतात हो." लेकीने ते उचलून त्याच्या हातात दिलं. शिवाय त्याने आणखी सहा नेली. मग शिलाईवाल्या ताईंचं दार उघडलं. "माझी दोन कुठायत? खिडकी ओकीबोकी वाटते गं."

"चार देऊ का?" लेकीने विचारलं. "दोन दिवसांसाठी?"

"दे की. तुझे दोन दिवस म्हणजे किती, ते मला चांगलं ठाऊक आहे."

मजल्यामजल्यावर थांबत सगळी चौथ्यावर पोचेपर्यंत झाडं आवाक्यात आली. आत्याने आपली नऊ गॅलरीत दाटीवाटीने बसवली, आणि मग तिचा हात थेट खिडकीच्या कट्ट्याकडे गेला.

"तो बांबू दे इकडे. माझ्या वेलाला आधार पाहिजे."

"दुसरा शोध."

"अगं, बांबूच आहे ना तो?"

"माहितीय मला. हात लावू नकोस."

आत्या तिच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि मग फर्नला बाहेर काढायला गेली. लेक खुर्चीत बसली. उन्हं अजून कट्ट्यावर होती. पुस्तक मांडीवर होतं, मिटलेलं. समोर कुंडी, कुंडीत माती आणि मातीत बोटाएवढी जाड, सरळसोट, बोडकी काडी.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

"काय गं? काही म्हणालीस?" आत्याने मोरीतून विचारलं.

"छान आहे म्हटलं!" लेक मोठ्याने म्हणाली. "फार छान आहे."