केराबाईंचा चार्ज

सोमशेखर हत्तुरे निवृत्त झाले, तरी त्यांच्यातला पर्सोनेल ऑफिसर काही निवृत्त झाला नव्हता. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी माणसं कामावर घेतली आणि काढली. घरी झाडू-फरशी-भांड्याला केराबाई आल्या, तेव्हाही त्यांनी बारा कलमांचा करार टाइप केला. केराबाईंनी तो सुनेकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच सही केली. ही गोष्ट साहेबांनी तेव्हा मनावर घेतली नाही.

एक दिवस पुण्याहून लेकीनं आपोआप झाडणारं यंत्र पाठवलं. ते हॉलभर फिरताना बघून साहेबांना केराबाई जास्तीच्या वाटू लागल्या. बायको सिद्धेश्वरीबाई दमानं घ्या म्हणत होत्या, पण कायद्याच्या कामात साहेब बायकोचं ऐकत नसत. त्यांनी रीतसर नोटीस काढली. महिनाभर काम, नाहीतर महिन्याचा पगार घेऊन आजच मोकळ्या.

केराबाईंचा चेहरा पडला. राहिलेल्या दोन घरांवर त्यांचं भागणार नव्हतं. पण त्यांनी नोटिशीची घडी शांतपणे कमरेला खोचली.

"पगार नगं, काम करते. पर कलम नऊ हाय की, साहेब. जाणाऱ्यानं चार्ज द्यायचा आन् घेणारा तयार झाला म्हून सही करायची. तवर नोटीस संपत न्हाय. चार्ज कुणाला देऊ?"

साहेबांनी यंत्राकडे बोट दाखवलं.

"त्ये उंबरा वलांडंना. भांडी कोण घासायची?"

कलम साहेबांनी स्वतः लिहिलेलं. ते मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शेवटी यंत्राच्या वतीनं चार्ज त्यांनीच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून केराबाई खुर्चीत आणि साहेब फरशीवर. पलंगाखालचा कोपरा, ओट्यावरचे शेंगाचटणीचे तेलकट डाग, चार दिवसांआड पाणी आलं की भरायची पिंपं, सगळं केराबाईंनी बारकाईनं शिकवलं. यंत्रानं मध्येच चादरीच्या दशा गिळून मान टाकली. सिद्धेश्वरीबाई चहा घेऊन केराबाईंशेजारी बसत. साहेब मूळचे जिद्दीचे. तिसऱ्या आठवड्यात फरशीत तोंड दिसायला लागलं.

महिना भरला. साहेबांनी ऐटीत कागद पुढे केला.

"करा सही," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "आता बाई लागतेच कशाला? यांच्याइतकी लख्ख फरशी तर तुम्हीही कधी पुसली नव्हती."

केराबाईंचं पेन थांबलं. आपण जरा जास्तच चांगलं शिकवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. साहेबांना तर पुढची वीस वर्षं दिसली, तीही ओणव्यानं. ते घाबरले. केराबाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाले, "पलंगाखाली जरा राहिलंय. नीट बघा."

केराबाई वाकल्या. चकचकीत फरशीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काम समाधानकारक न्हाय," त्या उठत म्हणाल्या. "कलम धा. नोटिशीची मुदत वाढीवली."

"किती?" सिद्धेश्वरीबाईंनी विचारलं.

"माजं गुडगं चालत्यात तवर." केराबाईंनी साहेबांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "बसा खुर्चीत. आता नुसतं बगून शिका."