रामकिसनसेठचं बेट

युरियाची गोणी घ्यायला आलेल्या माणसाला पोहायची चड्डी कशी निवडावी हे समजावून सांगणारं दुकान सबंध भोकरदन तालुक्यात एकच आहे, आणि ते केदारखेड्यात माझ्या घराला भिंत लावून आहे.

"सैल घेऊ नका," रामकिसनसेठ सांगत असतात. "लाट आली की चड्डी घेऊन जाती. नाडी पक्की पायजे."

समोरचा शेतकरी हसनाबादहून फटफटीवर आलेला असतो. त्याच्या मक्यावर अळी पडलेली असते.

"सेठ, ते अळीचं औषध..."

"देतो की. अन् तिथं कासवं आपल्या संगट पोहतात. भ्यायचं न्हाई, पर हातबी लावायचा न्हाई. निस्तं पाहायचं."

"कुठं?"

"बार्बाडोसला!"

हे उत्तर सेठ एवढ्या मोठ्यानं देतात की रस्त्यापलीकडच्या पंक्चरच्या दुकानातून सलीमभाई ओरडतात, "सेठ, आहिस्ता! कासवां डर जाईंगे!"

सेठ साठीला आलेत. अंगानं तुराटी, मिशा पांढऱ्या, खाली लेंगा आणि वर पोपट, जास्वंद आणि अर्धं माकड छापलेला हिरवागार शर्ट. माकडाचा उरलेला अर्धा भाग पाठीवर आहे. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. पेरणीच्या गर्दीत, पाऊस असो की नसो, ती उतरत नाही. ही टोपी बार्बाडोसहून आली आणि तेव्हापासून दुकानात बियाणं कमी आणि समुद्र जास्त मिळू लागला.

त्यांचं एक लाडकं वाक्य आहे. "नो हरी, नो वरी." हरी म्हणजे घाई आणि वरी म्हणजे काळजी; तिकडची माणसं या दोन्ही गोष्टी करत नाहीत, असं सेठचं म्हणणं. गावातल्या कडूबाई आजी एकदा फवारणीचा पंप दुरुस्तीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी हे वाक्य ऐकलं आणि पंप खाली ठेवला.

"हरीबी न्हाई अन् वरीबी न्हाई? मंग एकादशीला त्या लोकांनी करावं काय?"

सेठ बिचारे दिवसभर विचारात पडले. तेव्हापासून म्हातारं माणूस दुकानात आलं की ते सावधपणे म्हणतात, "येस हरी, नो वरी."

खाण्याच्या बाबतीतही त्यांचा सल्ला तयार असतो. "तिकडं गेलात तं कू-कू खा. मक्याचं पीठ घ्यायचं, त्यात भेंडी टाकायची, अन् घोटून घोटून गोळा करायचा. संगट उडता मासा देतात. मासा चालत न्हाई त्यानं निस्ती कू-कू मागायची."

उडत्या माशावर गावाचा काडीचा विश्वास नाही. मासा पाण्यातून उठतो आणि पंख पसरून जातो असं सेठनं सांगितलं तेव्हा सरपंचांनी त्यांना बाजूला घेऊन, तिथं काय प्यायला होतात, असं काळजीनं विचारलं. उलट, उसाचा हंगाम संपला की तिथली माणसं डोक्याला पिसं लावून रस्त्यावर नाचतात, हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. "गाळप संपलं म्हणल्यावर कोण नाचणार न्हाई?" असं एक ऊसतोड मुकादम म्हणाला आणि त्यानं पिसं कोणत्या पक्ष्याची याची चौकशी केली.

मी इथल्या शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे माझं लक्ष माशाकडे जात नाही, क्रियापदाकडे जातं. सेठची बहुतेक क्रियापदं आज्ञार्थी. पाहा, खा, पोहा, टोपी विसरू नका, माकडाला केळ दाखवू नका. मी पाहिलं, मी खाल्लं असं एकही वाक्य नाही. मला वाटलं, धंद्याची सवय. औषधही ते असंच सांगतात: एवढं टाका, सकाळच्या पारी फवारा, हात धुवा.

दुसरी गंमत अशी की सेठ बोलतात गिऱ्हाइकाशी, पण तोंड असतं मागच्या पडद्याकडे. दुकानाच्या मागं त्यांचं घर आहे आणि मधे एक जुन्या साडीचा पडदा. पडद्यापलीकडे गयावहिनी, म्हणजे सेठच्या बायको. त्या कधी काही बोलत नाहीत. फक्त बार्बाडोस सुरू झालं की भांडी आपटायची थांबतात.

या पडद्यामागची हकीकत मला त्या जीपवाल्यानं सांगितली, जो दोघांना मुंबईच्या विमानतळावर सोडायला गेला होता.

त्याचं असं झालं. सेठनं एका हंगामात कपाशीचं बियाणं दाबून विकलं. कंपनीनं खूश होऊन काही दुकानदारांना जोडीनं सहल दिली. कागदावर लिहिलेलं होतं, कॅरेबियन बेटावर पाच दिवस. सेठनं तो कागद घरात मोठ्यानं वाचला आणि इथंच घोळ झाला.

गयावहिनींचं माहेर अंकुशनगरकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. त्यांच्या लेखी बेट म्हणजे उसाचं बेट, एका बुडातून फुटलेल्या कांड्यांचा झुबका. फार तर बांबूचं बेट. तिसरं बेट त्यांना ठाऊक नव्हतं.

"पाच दिवस बेटात बसून राह्यचं?" त्या म्हणाल्या. "कामून?"

"लई मोठं बेट हाय, गया. चारी बाजूनं पाणी."

"पाणी म्हणल्यावर गवत आलं. गवत म्हणल्यावर इच्चूकाटा."

सेठना वाटलं, बाईमाणूस घाबरतंय, तिथं गेल्यावर कळेल. वहिनी मात्र कधी घाबरून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी हातातल्या पिशवीत चिवडा भरला, धपाटे भरले आणि तळाशी आपल्या आईचा विळा ठेवला. कंपनीनं पैसे खर्चून नेलं आणि बसायला जागा साफ नसली तर काय करायचं?

विमानतळावर पिशवी यंत्रात गेली आणि यंत्र थांबलं. वर्दीवाल्यानं पिशवी उघडली. धपाटे काढले, चिवडा काढला आणि मग विळा काढून वर धरला. आजूबाजूची माणसं दोन पावलं मागं सरली.

"ये क्या है?"

"विळा," वहिनी म्हणाल्या. त्याला साधा विळा ओळखू येत नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

"किसलिए?"

"बेटावर गवत आसतंय न्हव."

विळा त्या तिथल्या डब्यात टाका नाहीतर मागं फिरा, असं त्यानं बजावलं. डब्यात कात्र्या होत्या, चाकू होते, अडकित्ते होते. वहिनींनी एकवार डब्यात पाहिलं आणि विळा पदराखाली घेतला. आईच्या हातानं मूठ झिजलेली वस्तू त्या कात्र्यांच्या ढिगात टाकायला त्या तयार नव्हत्या. सेठही मागं फिरले. पण त्यांना वहिनींनीच ढकललं.

"टार्गेट तुमी केलंय. तुमी जा. समदं पाहून या अन् मला सांगा."

मग त्या विळा घेऊन जीपमध्ये बसल्या आणि जालन्यापर्यंत तो मांडीवरून खाली ठेवला नाही, असं जीपवाला म्हणाला. धपाटे मात्र त्याला दिले.

सेठ परत आले तेव्हा वहिनींनी एकदाच विचारलं, "कसं व्हतं?" सेठ म्हणाले, "चांगलं व्हतं." बस. समोरासमोर एवढंच. बाकी सगळं बार्बाडोस त्यांनी गिऱ्हाइकांच्या निमित्तानं पडद्याकडे फेकायला सुरुवात केली.

"सर, गयाला एकदा बेट दाखवायचंय," ते मला नेहमी म्हणायचे. त्यावेळी आवाज हळू असायचा. "तिचा हक्काचा पाच दिवसांचा मुक्काम तिकडं तसाच पडून राह्यला."

पण विमानाचं नाव काढलं की वहिनी म्हणत, "विळ्याला जागा देत असतील तं येते."

मग एका उन्हाळ्यात सेठनं शेततळं खोदायला घेतलं. आमच्याकडे शेततळं कुणीही खोदतं, त्यात नवल नाही. पोकलेन आलं, चौकोनी खड्डा पडायला लागला. ड्रायव्हर मधला ढिगारा उचलायला गेला तर सेठ आडवे झाले. अक्षरशः ढिगाऱ्यावर आडवे झाले, टोपी छातीवर ठेवून.

मोजायला आलेला कृषी सहायक तळ्याच्या काठावर उभा राहून बराच वेळ बघत होता.

"सेठ, मधलं काढायचं राहिलंय."

"राह्यलं न्हाई. ठिवलंय. बेट हाय."

"शेततळ्यात बेट बसत नाही सेठ. अनुदान अडकंल."

"अडकू द्या. नो हरी, नो वरी."

त्यानं कपाळाला हात लावला आणि गाडीला किक मारली. तळ्याला निळी पन्नी अंथरणारी पोरंही वैतागली. पन्नी त्या ढिगाऱ्याच्या कडेनं वर चढवून माथ्यावर मातीत दाबताना त्यांनी सेठना ऐकू येईल अशा बेतानं शिव्या दिल्या. पण पाणी भरल्यावर ते तळं दिसलं मोठं झोकात. एवढं निळं पाणी आमच्या काळ्या रानात कुणी पाहिलं नव्हतं. सेठनं बेटावर नारळ लावला आणि शेजारी बांबू लावला. नारळानं मान टाकली. बांबूनं मात्र असा जोर धरला की बघता बघता बेटावर बेट झालं.

वहिनी काही आल्या नाहीत. "तळं तं रोज दिसतं बांधावरून," त्या म्हणाल्या. सेठनं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या नेऊन ठेवल्या. कंपनीची मोठी छत्री रोवली. हवा भरलेल्या ट्यूबवर बसून एकटेच जायचे, तिथं बसायचे आणि परत यायचे. मला खरंच वाईट वाटायचं. दुसरी खुर्ची काठावरूनसुद्धा रिकामी दिसायची.

शेवटी काम झालं ते सलीमभाईंच्या तोंडून. पावसाळा सरत आला होता. ते सहज दुकानात आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "भाभी, वो बेटपर घास भोत बढ गई. कंबर तक. सेठ को बोले, पर इनकू काटना आता नई."

पडद्यामागं भांडं थांबलं. पडदा सरकला. वहिनी बाहेर आल्या, हातात विळा.

"कंबर इतकं?" त्यांनी सेठना विचारलं. "अन् त्यात तुमी बसता? इच्चूकाट्यात?"

त्याच दुपारी आम्ही मळ्यात. सलीमभाईंनी ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब हवा भरून आणल्या होत्या, त्यावर जुन्या दाराची फळी बांधली होती. "वजन बराबर बीच में रखना," असं त्यांनी दोघांना बसवताना बजावलं. दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, कारण मास्तर माणूस दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा नसतो. वहिनींच्या एका हातात विळा, दुसऱ्या हातात डबा. सेठच्या एका हातात वल्हं म्हणून घेतलेलं खोरं, दुसरा हात टोपीवर. तराफा गोल फिरला, परत काठाला लागला, पुन्हा गोल फिरला आणि मग बेटाला जाऊन थडकला.

वहिनींनी उतरल्या उतरल्या पदर खोचला आणि गवत कापायला बसल्या. सेठ छत्रीखाली उभे राहून, इकडे सूर्य मावळतो, तिकडे बोटी असतात, असं काहीबाही सांगत होते. विळ्याचा सपसप आवाज काठापर्यंत येत होता. पाण्यावरून सगळंच ऐकू येत होतं.

जागा साफ झाल्यावर वहिनी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी डबा उघडला.

"काय हाय?" सेठनं विचारलं.

"तुमची ती कू-कू. मक्याच्या पिठात भेंडी टाकून घोटली. खाऊन पाहा. तशीच झाली का?"

सेठनं घास घेतला. चावला. पुन्हा चावला. मी दोर हातात धरून उभा होतो आणि सलीमभाई माझ्याकडे बघत होते, की एवढा वेळ माणूस काय चावतोय.

"मला काय ठाव," सेठ शेवटी म्हणाले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. "मी खाल्लीच न्हाई, गया. मी काईच पाह्यलं न्हाई. समदे गेल्ते फिरायला. मी हॉटेलच्या पायरीवर बसून व्हतो. तू न्हाई तं काय पाहायचं? ते सांजच्याला येऊन सांगायचे तेवढं ऐकलं."

"ठाव हाय मला."

"कसं?"

"कपडे मीच धुतले न्हव? पाच दिवस समिंदरावर ऱ्हायलेल्या माणसाच्या खिशात वाळूचा एक खडा न्हाई. चड्डीची तं घडीबी मोडली नव्हती."

"मंग इतके दिवस ऐकून कामून घेतलं?"

"पडद्याकडं तोंड करून सांगत व्हता," वहिनी म्हणाल्या. "गोड वाटायचं. खावा आता, निवून राह्यलं."

सलीमभाईंनी उपरणं तोंडाला लावलं आणि, धूळ फार आहे, असं म्हणाले. पाऊस परवाच झालेला होता, धुळीचं नाव नव्हतं. माझेही डोळे भरून आले होते, म्हणून मी त्यांना दुरुस्त केलं नाही. बेटावर सेठ खाली मुंडी घालून कू-कू खात होते. डबा चाटूनपुसून साफ केल्यावर वहिनींनी त्यांच्या हातात विळा दिला आणि बांबूच्या मागचं उरलेलं गवत दाखवलं. सेठ कापायला बसले. त्यांना खरोखरच कापता येत नाही. पण वहिनी पाय लांब करून पाण्याकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना मी दुकानावरून गेलो. एक शेतकरी हरभऱ्याचं बियाणं मागत होता.

"देतो की," सेठ म्हणाले. शर्ट तोच, टोपी तीच, पण बोलण्यात काहीतरी वेगळं वाटलं म्हणून मी थबकलो. "काल आमी दोघं बेटावर गेल्तो. कू-कू खाल्ली. सूर्य बुडताना पाह्यला."

गेल्तो, खाल्ली, पाह्यला. आज्ञार्थ एकही नाही. मी पुढं पाऊल टाकणार तोच पडद्यामागून आवाज आला.

"अन् बगळा! बगळा पाह्यला ते सांगा की!"