चिंता नसावी, अक्का!

परीक्षेला निघालेला मुलगा वाटेत दिसलेल्या वरातीत घुसून नाचतो, आणि नवरा कोण, नवरी कोण याचा पत्ता नसताना तिथेच पोटभर जेवून घरी येतो, असं कधी ऐकलंय? मी पाहिलंय! आमच्याच चामराजपेटच्या घरात, माडीवरच्या खोलीत राहतो तो. केविन सखाराम.

नावाला हसू नका. केविन मॉरिशसचा. त्याचे कुणी खापरपणजोबा सखाराम कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात कामाला गेले आणि त्यांचं नावच घराचं आडनाव होऊन बसलं. आई तिकडे शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे पोराची मराठी सगळी पुस्तकातली. बी.कॉम. करायला आला तेव्हा दारात हात जोडून म्हणाला, "अक्का, मी आपला नवा भाडेकरू. चिंता नसावी!"

तेव्हापासून माझ्या जिवाला दुसरा घोर नाही. नळ उघडा टाकून मॅच बघायला गेला, जिन्यावरून धबधबा. "चिंता नसावी, अक्का!" कॉलेजातून फोन, हा येतच नाही म्हणून. "स्वल्प बरं नव्हतं. चिंता नसावी!" बरं नव्हतं? मेला सकाळी कोपऱ्यावर मसाला डोसा हाणत होता! मी जिन्याखालून ओरडायला लागले की दुसरा कुणी दार लावून घेईल. हा खाली उतरायचा, समोर मांडी घालून बसायचा आणि मन लावून ऐकायचा. वर विचारायचा, "आणखी काही, अक्का?"

परवा मात्र धडधडत खाली आला. "अक्का, आई येतेय! उद्या! ती काहीही म्हणाली तरी तुम्ही नुसतं हो म्हणा. नाहीतर ती मला घेऊनच जाईल!"

माझ्या लक्षात आलं. पोरानं आईला पहिल्या नंबराच्या थापा मारलेल्या दिसतात. "मी खोटं बोलणार नाही," असं ठणकावलं खरं, पण स्वयंपाक करताना मनात पाठांतर चालूच. हो, रोज कॉलेजला जातो. हो, फार हुशार. आमच्या ह्यांनी तर त्याचा कॅरमबोर्ड उचलून आमच्या पलंगाखाली लपवला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. लहानखुरी बाई, कडक इस्त्रीची साडी. व्हॅनिलाच्या वासाच्या चहाचा डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "केविन नापास झाला आहे, हे मला ठाऊक आहे. त्यानेच सांगितलं."

मी वळून पाहिलं. केविन फरशीकडे बघत होता.

"मी त्याला परत नेणार होते," ती म्हणाली. "पण दिवाळीत आपण त्याला पहाटे उठवून स्वतः तेल लावलंत. ताप आला तेव्हा उशाशी बसलात. मला वाटलं, इथेही त्याचं कुणी आहे. मग असू दे आणखी एक वर्ष. खरं आहे ना हे?"

मी? दिवाळीत तर आम्ही बेळगावला माझ्या माहेरी होतो! खाली कुलूप आणि माडीवर हा एकटा. आणि ताप? ताप कधी आला होता याला? मला इतकं भरून आलं की पाठ केलेलं सगळं विसरले.

"हो," मी म्हणाले. "तेल लावायला नको? आमच्या घरचाच आहे तो."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. केविननं मान वर केली, तोंड उघडलं, पण 'चिंता नसावी' काही बाहेर पडेना.

त्या वर खोली बघायला गेल्या. मी लगेच गॅसवर वाटीभर तेल ठेवलं आणि हाक मारली, "केविन, पाट घे आणि बस इथं!"

"अक्का, दिवाळीला अजून..."

"गप! मान खाली घाल."

त्यानं मान खाली घातली. केस कोरडे ठणठणीत होते मेल्याचे. वाटीतलं सगळं तेल जिरलं, तरी मी चोळतच होते.