आग्नेय कोपऱ्यातला पाहुणा

बाळांनो, इथं वरसे गावात माझ्या शेजारच्या रंगूनताई रोज सकाळी एक नारळ कानाशी धरून हलवायच्या. आत पाणी वाजलं की म्हणायच्या, "हाय. बरा हाय." मगच चहा.

नारळ टांगलेला असतो स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, लाल पट्टी बांधून. त्यात नाट राहतो. नाट म्हणजे ब्रह्मदेशातला घराचा राखणदार. हा पूर्वी लोहार होता, इतका बलदंड की राजाच घाबरला आणि त्यानं त्याला सोनचाफ्याला बांधून जाळलं. म्हणून त्याला नारळाचं गार पाणी. मे महिन्यात टेबलफॅनसुद्धा.

वरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आहे. "सगळं यांनाच का नाही सांगत?" मी एकदा विचारलं.

"ते पुढल्या जन्माचं बघतात. गॅस संपला, पोर शिफ्टवरून आला नाय, हे त्यांना कशाला गो? ते खालच्याला."

गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं, अविनाशनं, स्वयंपाकघर नवं केलं. आपल्याकडे चूल आग्नेयेला, म्हणून गवंड्यानं शेगडीची जागा नेमकी नारळाखाली काढली. रंगूनताईंनी ती शेगडी पेटवलीच नाही. तीन महिने मागच्या पडवीत स्टोव्हवर रांधलं.

"आई, नारळ हलव की दुसरीकडे."

"तू हल."

शेवटी मी समजवायला गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"माझी आई तिथलीच, ब्रह्मदेशातली. बाबा मला घेऊन निघाले, ती मागं राहिली. सात वर्षांची होते मी. बोटीवर चढताना तिनं आपल्या खांद्यावरच्या लाल शेल्याची पट्टी फाडून नारळाला बांधली. त्याला म्हणाली, पोरीबरोबर जा. नारळ बदलले, पट्टी तीच हाय. तिथं त्याला घराघरात ओळखतात. इथं माझ्याशिवाय त्याचं कोण हाय गो? मी गेल्यावर कोण विचारील त्याला?"

मी त्या नारळाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि नकळत पदर सावरला. दारात अविनाश उभा होता. शेगडीची जागा बदलायला त्यानं तिथूनच गवंड्याला फोन लावला.

आता रंगूनताईंना ऐकू येत नाही. सकाळी मला हाक मारतात, मी नारळ हलवते, त्या माझ्या तोंडाकडे बघत राहतात. काल आत काहीच वाजलं नाही. "आटलंय," मी हातानं खूण केली, "नवा आणते."

"त्याला सांगून जा. नाय तर घाबरतो."

शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेली तुमची आजी कोपऱ्यात गेली, चपला काढल्या आणि हळूच म्हणाली, "रोह्याच्या बाजारात जाऊन येते. लगेच येते."