धाकट्याचे खेकडे

धाकट्याचे पिंजरे खेकड्यांनी भरून आले की थोरल्याच्या घशाखाली घास उतरत नसे. भाऊ सख्खा, समुद्र तोच, बोटीही एकसारख्या; मग खेकड्यांनाच मेला धाकट्याचा एवढा पुळका का?

"आमिष ताजं लावत चला," बायको म्हणाली. "भावजी लावतात तसं."

"त्याचं कौतुक मला सांगू नकोस."

त्यात उद्या मोठा व्यापारी धक्क्यावर यायचा होता. ज्याचा माल चांगला, त्याच्याकडून तो वर्षभर खेकडे घेणार. हे कंत्राटही धाकट्याच्याच पदरात पडणार, या विचाराने थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं.

पाण्यात सोडलेल्या पिंजऱ्याची ओळख म्हणजे त्याच्या दोरीला बांधलेला तरंगता डबा. थोरल्याचे डबे निळे, धाकट्याचे पिवळे. थोरल्याने आपले डबे गुपचूप पिवळे रंगवले आणि संध्याकाळी धाकट्याच्या जागेवर, त्याच्याच पिंजऱ्यांच्या मधेमधे आपले सोडून दिले. कुणाला पत्ता लागणार नाही, अशी त्याची खात्री होती.

सकाळी पत्ता त्यालाही लागेना. जिकडेतिकडे पिवळे डबे, आणि पिंजरे दोघांचेही एकाच कारागिराकडचे. शेवटी त्याने स्वतःच निवाडा केला: जड तो आपला, हलका तो धाकट्याचा. जड तेवढे बोटीत घेतले, हलके पाण्यात राहू दिले आणि धक्का गाठला.

खेकडे पाहून व्यापारी खूश झाला. थोड्या वेळाने धाकटा रिकाम्या टोपल्या घेऊन आला.

"दादा, एक खेकडा नाही रे. आणि कालचं ताजं आमिष, ते पण पार सडलं."

"असतं एकेकाचं नशीब," थोरला म्हणाला. इतकं गोड तो भावाशी कित्येक दिवसांत बोलला नव्हता.

व्यापारी धाकट्याकडे वळला. "काल तू म्हणालास, कंत्राट दोघा भावांच्या नावावर करा. आता काय करू?"

थोरला टोपलीतले खेकडे उगाच मोजायला लागला.

"माझं नाव काढा," धाकटा म्हणाला. "दादा एकटा पुरून उरेल."

"अरे, राहू दे की तुझं नाव."

"नको दादा. तुझ्या कष्टात मी कशाला वाटेकरी होऊ?"

"मग ठरलं," व्यापारी थोरल्याला म्हणाला. "रोज एवढाच माल. एक दिवस कमी पडला की कंत्राट रद्द."

दुसऱ्या दिवशी थोरला दुपारपर्यंत समुद्रात पिंजरे उपसत होता. कंबर धरून, अर्धी टोपली घेऊन तो घराकडे वळला, तर शेजारच्या ओट्यावर धाकटा पाय पसरून चहा पीत बसलेला.

"बघ," थोरला बायकोला म्हणाला, "सगळं सुख मेलं त्याच्याच वाट्याला."