पडलो, पडले, पाडलं

दत्तछाया सोसायटीत कौटुंबिक हिंसाचार होत नाही, असा ठराव रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये सर्वानुमते मंजूर झाला.

सर्वानुमते म्हणजे माई सोडून. दोनशे चार नंबरच्या माईंचं तेव्हा मौन होतं. गेली नऊ वर्षं उठल्यापासून साडेअकराच्या आरतीपर्यंत त्या बोलत नसत. लिहीतही नसत, कारण लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच. सचिव गणपतरावांनी रीतसर विचारलं, "माई, आपला विरोध आहे का?" माईंनी हात हलवला. तो हात 'थांबा' म्हणत होता. गणपतरावांनी इतिवृत्तात लिहिलं : 'माईंनी हात हलवून अनुमोदन दिले. मौनं संमतिलक्षणम्.'

ठरावाला कारण तसंच होतं. जिल्ह्यातल्या एका प्रतिष्ठाननं 'हिंसामुक्त वसाहत' स्पर्धा जाहीर केली होती. अट एकच, सहा महिन्यांत एकही तक्रार नको. हिंसा शून्यावर आणायला पिढ्या जातात. तक्रारी शून्यावर आणायला एक सभा पुरते. लगोलग समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालं. प्रत्येक कुटुंबप्रमुखाला 'आपण मारता काय? होय/नाही' असा कागद देऊन सही घेतली, आणि अठ्ठावीस फ्लॅटमधून अठ्ठावीस 'नाही' जमा झाले. 'हिंसा ओळखा, हिंसा रोखा' असा फलक गेटवर लागला. फलकाच्या तळाशी मदतीचा नंबर होता, पण समितीच्या सत्काराचा हार नेमका त्याच्यावर आला. हार काढणं अशुभ म्हणून कुणी काढला नाही.

फलकासाठी भिंतीत खिळे ठोकले ते तीनशे चारच्या उदयसिंहनं. उदयसिंह शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर. सोसायटीत कुणाचं गॅसचं सिलिंडर वर न्यायचं असो की गणपती खाली आणायचा असो, हा पुढे. "माई, काय लागलं तर हाक मारा की," असं दर दोन दिवसांनी म्हणायचा. समितीनं त्याला प्रबोधनप्रमुख केलं होतं.

तो माईंच्या बरोबर डोक्यावर राहायचा.

सकाळी साडेआठला माई देवापुढे बसत आणि त्याच वेळी वर उदयसिंहचा डबा भरला जाई. आधी डब्याचं झाकण पडायचं. मग डबा. मग डबा नसलेलं काहीतरी. माईंची माळ तिसाव्या मण्यावर अडायची. डोळे मिटून त्या जोरजोरात मनात 'दत्त दत्त' म्हणत. पण मनातला जोर वरच्या मजल्यावर ऐकू जात नाही. साडेअकराला आरती झाली की तोंड उघडायला मोकळीक असायची, पण तोवर वर सगळं शांत झालेलं असायचं, आणि शांत घराबद्दल काय बोलायचं? दर पौर्णिमेला माई नृसिंहवाडीला जात आणि पादुकांपुढे उदयसिंहच्या बायकोचं, अंतराचं, गाऱ्हाणं घालत. देवाला सांगितलं की माणसाला सांगायचं राहतं, ही भक्तीतली मोठीच सोय. अशी दोन वर्षं गेली.

तळमजल्यावर अमीरबीचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. तिला ना मौन होतं ना माळ. तिच्याकडे टेप होता.

"माई, एक सांगू का," ती एका दुपारी म्हणाली. "अंतराची बाही बघा. लग्न होऊन आली तवा चार इंच. दिवाळीला कोपरापर्यंत. संक्रांतीला पाऊण. आता एप्रिल हाय, माणसं बनियनवर बसल्यात, आन् ही म्हणती मनगटापर्यंत शिव. बाही वाढती म्हंजे आत काय वाढतंय?"

माईंनी हे समितीला संध्याकाळी, म्हणजे बोलायच्या वेळेत, सांगूनही पाहिलं. समितीनं गांभीर्यानं विचार केला आणि 'पूर्ण बाही ही सध्याची फॅशन असल्याने दखल घेण्याचे कारण नाही' असा शेरा मारला. मात्र माईंना महिला प्रतिनिधी म्हणून समितीवर घेतलं, आणि तक्रार निवारणाची वेळ सकाळी दहा ते अकरा ठेवली. महिला प्रतिनिधी हजर तर असावी पण बोलू नये, या दोन्ही अटींचा मेळ फक्त याच तासात बसत होता.

सोमवारी सव्वादहाला अमीरबी अंतराला दंडाला धरून समितीपुढे घेऊन आली. दंडाला धरल्यावर अंतरा कळवळली, तेव्हा तिनं मनगट धरलं.

गणपतराव लाकडी खुर्चीत बसले होते. सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं शुद्धलेखन सांभाळून निवृत्त झालेले. ऱ्हस्वदीर्घ चुकलेला अर्ज त्यांनी कधी पुढे पाठवला नव्हता. त्यांनी नमुना क्रमांक सात काढला, टोपण उघडलं.

"बोला वहिनी. काय झालं?"

अंतरा शिरोळकडची. त्या अंगाची बाई बोलते तशी बोलली. "मी डबा भरत हुतो. भाजीत मीठ जास्त झालं. मग मी पडलो."

गणपतरावांनी एक रकाना भरला आणि पेन थांबवलं. "तक्रार दाखल करून घेता येत नाही."

"का वं?" अमीरबीनं विचारलं.

"तक्रारदार पुरुष आहे."

"कोण पुरुष?"

"'भरत हुतो', 'पडलो'. दोन्ही क्रियापदं पुल्लिंगी. समिती महिलांसाठी आहे. पुरुषांची तक्रार पाण्याच्या टाकीच्या समितीकडे."

"अवं, समोर साडी नेसून उभी हाय की ती."

"पोशाखावरून लिंग ठरवणं समितीच्या समतेच्या धोरणात बसत नाही. आम्ही नोंदीवरून ठरवतो."

माई खुर्चीत पुढे सरकल्या. घशात शब्द आला. भिंतीवरचं घड्याळ दहा वीस दाखवत होतं. शब्द त्यांनी तीर्थासारखा गिळला.

अमीरबीनं अंतराच्या कानात काहीतरी सांगितलं. अंतरानं ओठ ओले केले, शाळेत परीक्षकापुढे बोलावं तसं म्हणाली, "मी पडले."

"उत्तम," गणपतराव खरंच आनंदले. "पडले. शुद्ध. म्हणजे आपण पडलात. अकर्मक क्रियापद आहे. पडणारा आपला आपण पडतो, दुसरा कुणी लागत नाही. नोंद 'अपघात' अशी होईल."

"पडलो न्हाय… पडले न्हाय," अंतरा घाईनं म्हणाली. "मला पाडलं."

"आता भावे प्रयोग. पण यात कर्ता नाही. बेपत्ता कर्त्यावर कारवाई कशी करायची?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हणजे कुणी?"

अंतरानं मान खाली घातली. "ह्यांनी."

"वहिनी, हे सर्वनाम आहे. सोसायटीत अठ्ठावीस 'हे' आहेत. एक तर मीच आहे. नाव सांगा."

नवऱ्याचं नाव अंतरानं आयुष्यात एकदाच घेतलं होतं, वरातीत, उंबऱ्यावर, उखाण्यात. तिचे ओठ हलले आणि मिटले. गणपतरावांनी कर्त्याच्या रकान्यात 'ओळख पटत नाही' असं लिहून खाली रेघ मारली.

"उखाण्यात तरी घे की गं," अमीरबी बाहेर पडताना कपाळाला हात लावत म्हणाली.

समिती मात्र हातावर हात ठेवून बसली नाही. सभासद पडत आहेत हे रेकॉर्डवर आलं होतं. सर्व न्हाणीघरांत न घसरणाऱ्या हिरव्या चटया टाकायचं ठरलं आणि वाटपाचं काम उदयसिंहनं अंगावर घेतलं. पंधरवड्यानं अंतरा स्वयंपाकघरात पडली. तिथं चटई आली. मग हॉलमध्ये पडली, हॉल झाला. मग ती दाराच्या कडीवर पडली, तेव्हा सर्व कड्यांना रबर लावण्यात आलं. सहावा महिना संपता संपता इतिवृत्तात नोंद होती : 'तीनशे चारमध्ये आता पडण्यास योग्य अशी एकही कठीण जागा उरलेली नाही.' वरून येणारा आवाजही कमी झाला. माईंची माळ आता चाळिसाव्या मण्यापर्यंत जाऊ लागली, आणि त्याचंच त्यांना भय वाटू लागलं. आधी निदान कळत तरी होतं.

परीक्षक आले ते पुढच्या रविवारी सकाळी साडेदहाला. एक बाई, एक गृहस्थ. त्यांना जयसिंगपूरचं भडंग आणि चहा दिला, फलकाखाली बसवलं. चटया दाखवल्या. रजिस्टर दाखवलं, ते इतकं स्वच्छ होतं की परीक्षकबाईंनी दोनदा उलटं धरून पाहिलं. मग सांस्कृतिक कार्यक्रम. 'आदर्श दांपत्य' म्हणून समितीनं उदयसिंह आणि अंतराला निवडलं होतं, कारण माईक उदयसिंहच्या हातात शोभतो.

"पावणं आल्यात, आमच्या मालकीण बाईंनी उखाणा घ्यावा," उदयसिंह म्हणाला आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला. सगळे हसले. कुणीतरी "नाव घ्या, नाव घ्या" सुरू केलं.

अंतरानं पदर नीट केला. अमीरबीकडे एकदा पाहिलं. मग तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, आणि पावडरखालची डाव्या गालावरची निळी खूण उन्हात आली.

"शिरोलीच्या भट्टीत लोखंड तापून लाल,
उदयसिंहरावांनी मारलं, हा बघा माझा गाल."

टाळ्या कडाडल्या. उखाणा संपला की टाळ्या वाजतात. हातांना कुणी अर्थ विचारत नाही. मागच्या रांगेतून "व्वा" आलं. परीक्षक गृहस्थांनी 'लोकसंस्कृतीचे जतन : उत्कृष्ट' असं टिपलं.

"लाडात हाय, पावणं," उदयसिंह हसत म्हणाला. माईकवर त्याची बोटं पांढरी पडली होती.

एकट्या गणपतरावांनी टाळी वाजवली नाही. त्यांचे हात अर्ध्यावर थांबले होते. "कर्ता आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. "क्रियापद सकर्मक आहे. पुराव्यासह आहे." त्यांनी हाताखालचं रजिस्टर पाहिलं, खिशातलं पेन चाचपलं, पेनाचं टोपण काढलं, आणि परत लावलं. रविवार हा तक्रार निवारणाचा वार नव्हता.

टाळ्या विरल्या. माई उभ्या राहिल्या. घड्याळात दहा पन्नास. नऊ वर्षांत पहिल्यांदा आरतीआधी त्यांच्या तोंडून आवाज फुटला, आणि तो इतका घोगरा होता की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"ती खरं सांगतेय. रोज साडेआठला. मी खालीच असते."

परीक्षकबाई कौतुकानं म्हणाल्या, "याही नाव घेणार का?"

"माई, तुमचं व्रत मोडलं की वो," उदयसिंह हळूच म्हणाला. यात धमकी कुठं होती ते दाखवता आलं नसतं.

"मोडलं," माई म्हणाल्या. "इतके दिवस उगाच शाबूत होतं."

त्या फलकापाशी गेल्या आणि चवड्यांवर उभं राहून त्यांनी हार उतरवला. वाळलेला झेंडू सगळा अंगावर सांडला. खाली तीन आकडे होते. एवढुसा नंबर, पाठ करायलाही लागत नाही. माईंनी फोन लावला.

"पीडित महिलेच्या आपण कोण?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

माईंनी विचार केला. "खालचा मजला."

"हे कधीपासून चाललंय?"

"दोन वर्षं."

"याआधी कुणी कळवलं होतं का?"

"नाही बाळ. मौन होतं."

मुलीनं पुढचं विचारलं, पत्ता घेतला, बाईला एकटीला सोडू नका म्हणाली. उदयसिंहच्या वाटेत अमीरबी लोखंडी कात्री घेऊन उभी होती. कात्री उगाच, हातात होती म्हणून. पोलिसांची गाडी येईपर्यंत अंतरा तिच्या दुकानात मशीनशेजारच्या स्टुलावर बसली. माई दारात बसल्या.

"बाही कापू?" अमीरबीनं विचारलं.

अंतरानं हात पुढे केला. "काप. लई उकाडतंय. दोन वरसं उकाडत हुतो मी."

'हुतो' कुणी दुरुस्त केलं नाही.

दत्तछायेला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. पहिला हुकला, कारण तक्रार झाली. पण ती सोसायटीच्या रजिस्टरात नव्हती, बाहेर झाली होती, म्हणून गुण थोडेच कापले. अंतरा सध्या माहेरी आहे, खटला चालू आहे, आणि माईंना साक्षीला बोलावलंय, तारीख सकाळची. तीनशे चारमध्ये चटया अजून आहेत. माई साडेआठला देवापुढे बसतात, माळ एकशे आठापर्यंत सलग जाते. मौन त्यांनी सोडलंय. आता मधूनच कान देऊन एकशे चारकडचाही कानोसा घेतात.

गणपतरावांनी सभेचं इतिवृत्त शुद्ध अक्षरात लिहून लिफ्टशेजारी लावलंय. हिंसाचार होत नाही हा मूळ ठराव कायम आहे. शेवटचं कलम असं :

'हा मजकूर शेवटपर्यंत वाचूनही, आपल्या वरच्या, खालच्या किंवा शेजारच्या घरातून येणाऱ्या आवाजाबद्दल ज्यांनी काहीही कळवलेले नाही, त्यांचे मौन ही संमती समजून त्यांची नावे ठरावास अनुमोदक म्हणून लावण्यात आली आहेत. वाचणारा सोसायटीचा सभासद असण्याची अट नाही.'